साडू, सब आणि सपाट आलेख

घरात सबवूफर असलेली माणसं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचा माणूस दुकानातून खोकं आणतो, टीव्हीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात ठोकळा ठेवतो, मागचं बटण अर्ध्याच्या पुढं फिरवतो, गाणं लावतो, खिडकीची काच थरथरली की बायकोकडं विजयी नजरेनं बघतो आणि जेवायला बसतो. हा माणूस सुखी असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या घरी जेवण गार होतं. त्याचा सब घरात येऊन वर्षं लोटलेली असतात, पण तो अजून 'बसलेला' नसतो. अशी माणसं कोथरूडला सापडतात, ठाण्यात सापडतात, न्यू जर्सीतही सापडतात. न्यू जर्सीत त्यांना घराखाली आख्खं तळघर मिळतं, त्यामुळे तिथं दुखणं लवकर बळावतं. आमच्या वाट्याला आलेला नमुना पुण्यातला, दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला आणि नात्यातला आहे: माझे साडू.

साडू विमा कंपनीत हिशेब तपासतात. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत. आवाज बारीक, पोशाख साधा, सिनेमाची आवड बेताची. शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

या वेडाचं मूळ साताऱ्याच्या घरातल्या एका माठात आहे. ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, साडूंनी मोडक्या रेडिओचा स्पीकर काढून तो पाण्याच्या माठाच्या तोंडावर बसवला होता. हा उद्योग त्या काळी अनेक घरांत चाले, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. स्पीकर नुसता हवेत धरला तर त्याच्या पुढून निघालेली लाट आणि मागून निघालेली लाट एकमेकींना खाऊन टाकतात, खालचा सूर उरतच नाही. मागची लाट कशात तरी कोंडावी लागते. सागवानी पेटी महाग, माठ स्वस्त. साडूंच्या आईंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "मग पाणी कशात भरू?" आई आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. हॉलमधला काळा ठोकळा बघून अजूनही म्हणतात, "माठ बरा होता. फुटला तरी एकदाचा."

सब घ्यायचा ठरला तेव्हा साडू मला तपकीर गल्लीत घेऊन गेले. दुकानदार पोरगा उत्साही होता. "साहेब, असा बेस देतो की काचा फुटतील." साडूंचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मला काचा न फुटणारा पाहिजे." पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी गल्लीतल्या गर्दीकडं पाहिलं. शेवटी सब कुठून तरी दुसरीकडूनच मागवला गेला: बारा इंची, पुढं भोक असलेला, वजन तीस किलोच्या घरात. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. हे मला चांगलं आठवण्याचं कारण माझ्या कमरेला विचारावं.

सबबरोबर साडेतीन फुटी दोन टॉवर स्पीकरही आले. त्यांना जागा व्हावी म्हणून ताईंनी (म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं) शोकेसचा अर्धा भाग मोडू दिला. लग्नातला काचेचा सेट त्या दिवसापासून माळ्यावर आहे. एवढा त्याग झाल्यावर साडूंनी यंत्राच्या मेनूत जाऊन त्या दोन्ही टॉवरची नोंद केली: 'स्मॉल'. ताईंनी ते वाचलं.

"हे स्मॉल?"

"तसं म्हणायचं असतं. ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं काम सबकडं वळवायचं, म्हणून."

"मग एवढे मोठे कशाला घेतले?"

या प्रश्नाचं उत्तर साडूंनी हॉलमनसाहेबांपासून सुरू केलं. टॉमलिन्सन हॉलमन हा जॉर्ज लुकासच्या कंपनीतला ध्वनितज्ज्ञ. १९८३ साली 'रिटर्न ऑफ द जेडाय' लागला तेव्हा थिएटरांतला आवाज नीट असावा म्हणून टीएचएक्स नावाची शिस्त आली, ती त्याची. पुढं घरातल्या थिएटरसाठी ऐंशी हर्ट्झची वेसही त्याच शिस्तीनं आखून दिली, कारण त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय हे माणसाच्या कानाला फारसं सांगता येत नाही. सब सोफ्यामागं लपवला तरी चालतो. हे सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "मग लपवा." यावर हॉलमनसाहेबांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

आता हॉल. पंधरा फूट बाय दहा फूट, आणि छतही जवळजवळ दहा फुटांवर. कोणाही पुणेकराला उंच छत म्हणजे भाग्य वाटेल. सगळी सोसायटी बिल्डरशी पार्किंगवरून, गळतीवरून आणि क्लबहाउसच्या आश्वासनावरून भांडत होती तेव्हा साडूंनी एकट्यानं वेगळी तक्रार नोंदवली: रुंदी आणि उंची सारखी का ठेवली? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. चाळीस हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरची, म्हणजे अठ्ठावीस फुटांची. ती या हॉलमध्ये मावतच नाही. भिंतीवर आपटते, परत फिरते आणि वाटेत स्वतःलाच भेटते. काही जागी दोघी मिळून दुप्पट होतात, काही जागी एकमेकींना पुसून टाकतात. पंधरा फुटांच्या लांबीला हा प्रकार साडेसदतीस हर्ट्झच्या आसपास घडतो, दहा फुटांना छप्पनच्या आसपास. आणि दहा फूट दोनदा आल्यामुळे छप्पनला दोन दुखणी एकावर एक बसली. बिल्डरच्या माणसानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सर, लीकेज आहे का नाही?"

लाटा एकमेकींना पुसून टाकतात ती एक जागा हॉलच्या बरोबर मध्यावर येते. तिथं आईंची खुर्ची आहे. पंख्याखालची म्हणून ती वीस वर्षं तिथंच आहे. परिणाम असा की पडद्यावर गाव बुडालं, डोंगर कोसळला, विमान आदळलं, तरी आईंपर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही. त्या आपल्या जपमाळ ओढत असतात. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर मात्र तोच डोंगर पोटात कोसळतो. "तुमच्या आईंनी बरोबर जागा धरलीय," असं मी एकदा म्हणालो. साडूंना तो विनोद वाटला नाही. त्यांनी आईंची खुर्ची दोन फूट मागं घेण्याचा ठराव मांडला, तो पंख्याच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

सब कुठं ठेवायचा हे ठरवण्याची एक जगन्मान्य पद्धत आहे, आणि ती माणसाच्या प्रतिष्ठेचा अजिबात विचार करत नाही. सब उचलून आपण बसतो त्या जागेवर, म्हणजे सोफ्यावर, ठेवायचा. त्यातून एकसुरी खालचा आवाज सोडायचा. आणि मग आपण भिंतीकडेनं रांगायचं, कान जमिनीलगत ठेवून. जिथं आवाज सगळ्यांत स्वच्छ आणि एकसारखा लागेल ती सबची जागा. तर्क सरळ आहे: इथून तिथं जसं ऐकू येतं, तसंच तिथून इथं ऐकू येणार. पण हा तर्क कामाला येणाऱ्या मावशींना कोणी सांगितला नव्हता. त्यांनी दार उघडलं तेव्हा सोफ्यावर काळा ठोकळा बसून घुमत होता आणि घरधनी बनियनवर शोकेसच्या खाली डोकं घालून पुढं सरकत होते. मावशी अनुभवी बाई. त्यांनी केरसुणी उचलली आणि ताईंना हळूच विचारलं, "साहेबांचं काय पडलंय? मी शोधू का?" साडू खालूनच म्हणाले, "मावशी, तिथंच उभ्या राहा. तुम्हाला आता जास्त ऐकू येतंय का कमी?"

मावशींनी "जास्त" म्हणून सांगितलं. त्या उभ्या होत्या तीच, लांब भिंतीच्या मध्यावरची, जागा सर्वोत्तम निघाली. तिथून लांबीचं दुखणं जवळजवळ जागंच होत नव्हतं. फक्त ती जागा स्वयंपाकघराच्या दारात होती.

पुढचा आठवडा त्या घरात काय झालं हे आम्हाला फोनवरून तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. साडूंनी ताईंना सव्वा फूट वाट सोडायची तयारी दाखवली. ताईंनी त्यांना स्वयंपाक करायची तयारी दाखवली. अखेर आईंनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं, जड वस्तू नैऋत्येला ठेवावी, वास्तुशास्त्रात तसंच आहे. कोपऱ्यात ठेवलं की खोलीतली सगळी दुखणी एकदम उठतात, हे ध्वनिशास्त्र साडूंनी आईंना समजावून पाहिलं. आई म्हणाल्या, "उठू देत. नैऋत्येलाच शांत होतात." सब नैऋत्येला गेला. खाली कडप्प्याची फरशी आली, ओट्याच्या कामातून उरलेली, आणि फरशीखाली रबराचे चार तुकडे.

मग मापणं सुरू झालं. त्यासाठी एक यूएसबी माइक आला. या माइकबरोबर कंपनी त्याच्या अनुक्रमांकाप्रमाणे एक फाइल देते. हा माइक कोणत्या सुराला किती चुकतो, ते सगळं त्यात प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, म्हणजे संगणकाला ती चूक वजा करता येते. साडूंनी ही सोय मोठ्या कौतुकानं सांगितली. ताई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "लग्नात अशी फाइल द्यायची पद्धत असती तर बरं झालं असतं."

संगणकावर 'रूम ईक्यू विझार्ड' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ते खालपासून वरपर्यंत चढत जाणारी एक शीळ सोडतं, माइक ती ऐकतो, आणि पडद्यावर खोलीचा आलेख उमटतो. शीळ चालू असताना घरात दुसरा कुठलाही आवाज नको. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर बंद, मोबाइल बाहेर, आईंचा जप मनातल्या मनात. रस्त्यावरची रहदारी सगळ्यांत कमी कधी असते याचा साडूंनी अभ्यास केला. दुपारी एक ते चार असं उत्तर आलं. पुण्यात या वेळेला माणूस मेला तरी चारनंतर कळवतात. साडूंनी बरोबर त्याच वेळात, मे महिन्यात, पंखा बंद करून, वीस हर्ट्झपासून वर चढणाऱ्या शिळा सोडायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर राहतात. त्यांचा इथं नुसता उल्लेख करून ठेवतो.

पहिला आलेख मी स्वतः पाहिला. सह्याद्रीचं एक टोक चुकून संगणकात शिरलं होतं. छप्पनला सुळका, सदतीसला दुसरा, आणि सत्तरच्या आसपास सरळ दरी. साडूंचं पुढचं आयुष्य त्या सुळक्यांवर छिन्नी चालवण्यात गेलं, अजून जातंय. आणि इथं त्या माणसाबद्दल सगळ्यांचा जो गैरसमज आहे तो सांगितला पाहिजे. सोसायटीला वाटतं हा गृहस्थ रात्रंदिवस बेस वाढवत असतो. खरं तर त्यांनी बेस वाढवल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. ते सतत कमी करतात. छप्पनला नऊ डेसिबल कापले, सदतीसला सहा, मग पुन्हा मापून छप्पनला आणखी एक. सुळका कापता येतो. दरी भरता येत नाही. लाटा जिथं एकमेकींना पुसतात तिथं वरून कितीही ओता, जेवढं ओताल तेवढंच पुसलं जातं, आणि सबचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र धापा टाकतो. "खड्डा भरायच्या भानगडीत पडायचंच नाही," हे साडूंचं ब्रीद. पुण्यातल्या रस्त्यांचं काम बघणाऱ्यांचंही तेच असावं.

अंतराचा एक प्रसंग झाला. सब सोफ्यापासून आठ फुटांवर. यंत्रानं आपोआप मोजून दाखवलं, पंधरा फूट. ताईंनी शिवणकामाची टेप आणली, मोजलं, आठच भरले. "हजारो रुपये देऊन याला फूटपट्टी येत नाही." साडू म्हणाले, यंत्र फूट मोजत नाही, वेळ मोजतं, सबच्या पोटातलं इलेक्ट्रॉनिक्स आवाज सोडायला सहा-सात मिलिसेकंद लावतं, आणि एका मिलिसेकंदात आवाज फूटभर जातो. म्हणजे कामाच्या हिशेबानं तो पंधरा फुटांवरच आहे. ताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "कळलं," म्हणाल्या. "समोर बसून सात फूट लांब असणं मला कळतं."

आमच्या एका मामेभावानं भेट म्हणून अंड्यांच्या ट्रेसारखा खाचा पाडलेला फोम आणला. साडूंनी आभार मानले, चहा पाजला आणि मग त्याला चाळीस हर्ट्झच्या लाटेचा चतुर्थांश किती होतो ते विचारलं. दोन मीटरच्या थोडा वर. एवढी जाडी असेल तर लाट नीट अडते. दोन इंची फोम फक्त टाळीचा आवाज खाईल. मामेभाऊ हिरमुसला. पण साडूंच्या डोक्यात जाडीचा विचार शिरला आणि त्यांनी माळ्यावरच्या सगळ्या कापसाच्या गाद्या काढून समोरच्या दोन कोपऱ्यांत उभ्या रचल्या. आलेखात एखाद्या डेसिबलचा फरक पडला, तोही वरच्या टोकाला, पण पडला. तेव्हापासून त्या घरी मुक्कामाला जाणं अवघड झालं आहे. पाहुण्यांना गाद्या दिल्या की बेस बिघडतो. आम्ही गेल्या दिवाळीला गेलो तर साडूंनी रात्री विचारलं, "तुम्हाला सतरंजी चालते ना?"

सगळ्यांत मोठी मोहीम मात्र खडखडाटाची. बेस स्वच्छ झाल्यावर त्याआड लपलेले घरातले बाकीचे आवाज ऐकू यायला लागले. साडू वीसपासून एकेक हर्ट्झ वर चढत आणि घरातून काय काय बोलतंय ते ऐकत फिरत. कपाटाच्या सरकत्या काचा एकतीसला. स्टीलच्या मांडणीवरल्या वाट्या सत्तेचाळीसला. मिसळणाच्या डब्याचं झाकण त्रेपन्नला. ट्यूबलाइटची पट्टी साठला, आणि भिंतीवरचे आजोबा चव्वेचाळीसला. याची त्यांनी वही केली आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूपुढं तिचा आकडा, आणि बंदोबस्त झाला की बरोबरची खूण. काचांना रबरी पट्टी लागली, वाट्यांमध्ये कागद गेले, आजोबांच्या चौकटीला मागून फेल्टचे तुकडे चिकटवले. ताईंची एक बांगडी एकोणचाळीसला किणकिणते, तिच्यापुढं अजून खूण नाही. साडूंनी तो विषय काढून पाहिला होता.

हे सगळं कशासाठी, तर सिनेमा बघण्यासाठी, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. साडूंच्या घरी आजवर कोणी आख्खा सिनेमा पाहिलेला नाही. पाहुण्यांना सोफ्याच्या मधल्या जागेवर बसवतात, कारण आलेख तिथंच सपाट आहे. दोघे आले तर आळीपाळीनं बसतात. मग 'एज ऑफ टुमॉरो' हा २०१४ चा चित्रपट लावतात. त्याच्या अगदी सुरुवातीला, कंपन्यांची बोधचिन्हं पडद्यावर असतानाच, वीसच्या आसपास उतरणारा एक खोल सूर आहे आणि जगभरचे सबवाले त्याच्यावर आपले सब पारखतात. पँटची शिवण हलते, घशात काहीतरी होतं, पाहुणा "अरे बापरे" म्हणतो. साडू रिमोट उचलतात आणि बंद करतात. सिनेमा सुरू व्हायच्या आत आमचा संपलेला असतो. माझ्या बायकोनं एकदा धीर करून विचारलं, "भाऊजी, पुढं त्या टॉम क्रूझचं काय होतं?" साडूंनी विचार केला. "मरत असेल बहुतेक," म्हणाले. आता त्या सिनेमात नायक मरतो आणि पुन्हा तोच दिवस पहिल्यापासून जगतो, पुन्हा मरतो, पुन्हा पहिल्यापासून. हे साडूंना माहीत नाही. कळलं तर त्यांना तो माणूस जवळचा वाटेल.

फार खुलले की १९७४ ची गोष्ट सांगतात. 'अर्थक्वेक' हा भूकंपाचा चित्रपट आला तेव्हा युनिव्हर्सल कंपनीनं थिएटरांत सेन्सराउंड नावाची व्यवस्था बसवली होती, भलेमोठे स्पीकर आणि जमीन हलवणारा खालचा आवाज. हॉलिवूडमधल्या चायनीज थिएटरात छताचं प्लॅस्टर प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून खाली जाळी बांधली होती. ही गोष्ट साडू भक्तिभावानं सांगतात आणि सांगून झाल्यावर न चुकता एकदा आपल्या छताकडं बघतात.

एवढा बेस पचवणारा माणूस विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढं खुशीत नाचेल असं वाटेल. साडू रुमालानं कान झाकून उभे असतात आणि माझ्या कानात ओरडतात, "पन्नास-साठला नुसता उंचवटा केलाय! चाळीसच्या खाली काही नाही!" आजूबाजूची पोरं त्यांच्याकडं आदरानं बघतात, त्यांना वाटतं काका शिव्या देतायत.

आता खालचे मॅनेजर. ते तीन महिने गप्प होते. मग त्यांनी सोसायटीच्या कमिटीकडं लेखी अर्ज दिला. कमिटी वहीपेन घेऊन साडूंच्या हॉलमध्ये आली. साडूंनी तयारी केली होती. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. साडूंनी मीटर काढला, चाळीसचा सूर लावला, अध्यक्षांना आकडा दाखवला: ५१. कमिटीत कुजबुज झाली. मॅनेजर एकटे पडले. वहीत 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहिणं सुरू झालंच होतं. आणि साडू म्हणाले, "पण हे माप खरं नाही."

ताईंनी डोळे मिटले.

साडूंनी समजावलं की कायद्यातलं हे 'ए' माप कानाच्या कलानं घेतलेलं असतं. खालच्या सुरांना कान मुळातच मंद. वीस हर्ट्झचा आवाज नुसता ऐकू यायलाही पाऊणशे डेसिबलच्या आसपास लागतात. म्हणून 'ए' माप चाळीस हर्ट्झला जवळजवळ ३५ डेसिबल सूट देतं. त्यांनी मीटरवरचं बटण 'ए' वरून 'सी' वर सरकवलं. आकडा ८३. "हे खरं," साडू समाधानानं म्हणाले. अध्यक्षांनी लिहिलेलं खोडलं. ठराव झाला: एक ते चार शिळा बंद, रात्री नऊनंतर सब बंद. कमिटी गेल्यावर ताईंनी विचारलं, "कोणी विचारलं होतं?" साडू म्हणाले, "चुकीच्या आकड्यावर जिंकायचं?" एवढं बोलून त्यांनी सबच्या पाठीवर, जिथं अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा असतो तिथं, तान्ह्या मुलाचा ताप पाहावा तसा हात ठेवला.

या प्रसंगानं एकाच माणसाचं मन पालटलं, तक्रारदाराचं. एकेचाळीस वर्षं बँकेत काढलेल्या त्या गृहस्थांनी स्वतःविरुद्ध पुरावा देणारा कर्जदार कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः वर आले. त्यांचं म्हणणं आता बदललं होतं. आवाज आला तरी हरकत नाही, पण तो बेडरूममध्ये डाव्या कुशीवर झोपलं की येतो, उजव्या कुशीवर येत नाही, असं का? साडूंचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत कोणी त्यांना खरा प्रश्न विचारला नव्हता.

पंधरवड्यात मॅनेजरांनी फोनवर मोजणीचं अ‍ॅप घेतलं. महिन्याभरात त्यांचे निरोप यायला लागले, "काल रात्री पावणेनऊला बेचाळीसला थोडं चढलं होतं." साडू तेवढं कापत. दरम्यान साडूंच्या मनात दुसरा सब घोळू लागला होता. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टीनं २००२ साली किती सब पुरेत याचा अभ्यास करून दाखवलंय की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर खोलीभर आवाज बराच एकसारखा होतो, आणि चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर फारच छान. "म्हणजे एकेकाला कमी आवाज करावा लागतो," साडू ताईंना पटवत होते. ताईंनी चार भिंतींकडं एकेक करून बघितलं आणि विचारलं, "आपण गॅलरीत राहायचं का?" खालून मॅनेजरांचा पाठिंब्याचा निरोप आला. दोन सब झाले तर त्यांच्याही बेचाळीसचा प्रश्न सुटेल असं त्यांचं मत. मात्र आधी खालच्या खोलीचं नीट मापन व्हावं.

गेल्या रविवारी आम्ही तिकडं जेवायला गेलो होतो. पानं मांडलेली, साडूंचा पत्ता नाही. हॉलमध्ये सब एकटाच घुमत होता. ताई वाढप थांबवून त्यांना हाक मारायला निघाल्या, तेवढ्यात फोन वाजला. खालच्या काकूंचा होता. ताईंनी स्पीकरवर लावला.

"अहो, तुमचे हे आणि आमचे हे, दोघंही आमच्या दिवाणाखाली गेलेत. एक डावीकडून, एक उजवीकडून. बाहेर यायला बराच वेळ लागेल म्हणतात. तुमचे हे साखर किती घेतात?"